रडकं मशीन आणि कानबाईची नथ

नवा मेटल डिटेक्टर घ्यावा की नाही, या प्रश्नावर आमच्या घरात श्रावणात जेवढी चर्चा झाली तेवढी मुलीच्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. लग्नाच्या वेळी बायकोनं ठरवलं आणि मी मान हलवली, विषय संपला. इथं मी ठरवत होतो आणि मान ती हलवत होती, पण आडवी.

हा नाद मला निवृत्तीनंतर लागला. भुसावळला रेल्वेच्या टेलिफोन खात्यात माझी सगळी नोकरी जमिनीखालची तुटलेली केबल शोधण्यात गेली. रुळांच्या कडेनं चालत जायचं, यंत्राचा आवाज ऐकायचा आणि गँगमनला सांगायचं, इथं खण. मी सांगितलेल्या जागी केबल तुटलेली निघाली नाही असं फार क्वचित झालं आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता. निवृत्त होऊन जळगावला आलो आणि पहिले तीन महिने नुसतं वर्तमानपत्र वाचलं. चौथ्या महिन्यात बायको म्हणाली, "काहीतरी करा, पण घराबाहेर करा." त्याच सुमारास मोबाइलवर एक माणूस कुठल्याशा समुद्रकिनाऱ्यावर काठीला लावलेली तबकडी वाळूवरून फिरवताना दिसला. तबकडी वाजली, त्यानं खणलं, अंगठी निघाली. मी म्हटलं, अरे, हे तर माझंच काम आहे. त्याच दिवशी सगळ्यात स्वस्त होतं ते मशीन मागवून टाकलं.

समुद्रकिनारा आणि खानदेश यात फरक असतो हे मशीन आल्यावर कळलं. आमची काळी जमीन, नदीची काळी रेती, सगळ्यात लोहाचा अंश. माझं मशीन एवढं साधं की त्याला धातू कोणता ते सांगता येत नाही, नुसतं वाजतं. खिळ्यावर वाजतं, बाटलीच्या बुचावर वाजतं आणि कधी कधी खाली काहीच नसताना, नुसती माती अंगाला लागली म्हणूनही वाजतं. बायकोनं आठ दिवस ऐकून घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं रडकं. "आज रडक्याला घेऊन कुठं?" असं ती विचारायची आणि मी मेहरूण तलावाच्या काठाला, नाहीतर ओळखीच्या एखाद्या शेतात निघायचो. जुन्या गढ्या, पडकी देवळं यांच्याकडे मी फिरकत नाही. त्याला कायदा आहे आणि मला पेन्शन आहे.

तीन वर्षांत मला मिळालेला ऐवज म्हणजे ट्रॅक्टरचे नट-बोल्ट, दोन विळे, सायकलची चेन, एक कुलूप आणि त्या कुलपाची नसलेली एक किल्ली. एकदाच कपाशीच्या शेतात निंदणी करणाऱ्या एका बाईचं चांदीचं जोडवं शोधून दिलं. तिनं ते पुसलं, तिथंच बोटात घातलं आणि मला वाकून नमस्कार केला. त्या नमस्कारावर मी वर्षभर जगलो. ती गोष्ट मी बायकोला इतक्या वेळा सांगितली की शेवटी ती म्हणाली, "एवढं बोलता त्या जोडव्यावर, तेवढ्या वेळात मी दोन सोन्याची केली असती."

नवं मशीन डोक्यात भरलं ते धुळ्याच्या नानांमुळे. नाना म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षक, याच नादातले. मोबाइलवर ओळख झाली आणि मग एसटीनं येणं-जाणं सुरू झालं. त्यांच्याकडे नवं मशीन होतं. ते काळ्या मातीची सवय करून घेतं. सुरुवातीला जमिनीवर दोन-चार वेळा वरखाली केलं की मातीकडे दुर्लक्ष करायला शिकतं आणि मग खरा धातू आला तरच बोलतं. वर पडद्यावर आकडाही दाखवतं, लोखंडाचा वेगळा, चांदीचा वेगळा. नानांच्या शेतात मी ते अर्धा तास चालवलं. अर्धा तास ते एकदाही उगीच वाजलं नाही. परतीच्या एसटीत रडकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मला त्याच्याकडे बघवेना.

किंमत रडक्याच्या सहापट होती. बायकोचा सवाल सरळ होता, "या मशीननं काय दिलं ते सांगा, मग त्याचं बोलू." मी जोडव्याकडे वळणार तेवढ्यात तिनं हात वर केला.

आणि मग अक्काचा फोन आला.

अक्का माझी मोठी बहीण. दोंडाईच्याजवळच्या एका नदीकाठच्या गावात दिलेली. लहानपणी ती कशावरूनही रडायची. कोंबडी मेली की रडायची, पाहुणे आले की रडायची, पाहुणे गेले की पुन्हा रडायची. तिला रडकी म्हणून चिडवणारा मीच. त्यामुळे फोनवर ती रडत होती याचं मला विशेष काही वाटलं नाही.

खानदेशाबाहेरच्या माणसाला हे सगळं समजायचं तर कानबाई समजायला हवी. आमच्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाचीच देवी करतात. त्याला डोळे-नाक काढायचे, लुगडं नेसवायचं, घरातले दागिने घालायचे. सगळे भाऊबंद एका घरात जमून नैवेद्याचे रोट खातात, बायका रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी देवीला चौरंगावर बसवून, डोक्यावर घेऊन, वाजतगाजत नदीवर नेतात. तिथं दागिने उतरवायचे आणि देवीला न्हाऊ घालून निरोप द्यायचा. अक्काच्या सासरी कानबाईची एक नथ आहे, जुन्या वळणाची, जाड तारेची. मूळची अक्काच्या सासूची. सासू दोन वर्षांपूर्वी गेली, आणि जाण्याआधी तिनं सगळ्या सुनांसमोर नथीची डबी अक्काच्या हातात दिली होती. त्या सोमवारी नदीवर नथ हरवली.

"भाऊ, कोनले सांगू नको," अक्का फोनवर म्हणाली. ती माझ्याशी अहिराणीतच बोलते. "मनी सासूनी मरताना मना हातमा डबी दिनी व्हती. आते पोयाले नणंद येई. ती डबी उघाडी आनी नथ मांगी. तिले काय तोंड दखाडू?"

नणंद सुरतेला असते. यंदा कानबाईला तिला सुट्टी मिळाली नव्हती म्हणून ती पोळ्याला येणार होती. दरवर्षी आली की ती आईची नथ डबीतून काढते, घटकाभर नाकात घालते, आरशात बघते आणि परत ठेवते. एवढंच. पण त्या एवढ्यासाठी ती सुरतेहून येते हे सगळ्या घराला माहीत होतं. पोळ्याला अडीच आठवडे उरले होते.

अक्का पुढं सांगायला लागली. कशी गर्दी होती, कशा बायका फुगड्या खेळत होत्या, तिनं ओल्या हातानं दागिने कसे उतरवले. "मंग चौरंगवर वाळू भरी, घर उनू, डबी उघाडी तं नथ नही..."

"अक्का, पाणी किती खोल होतं ते सांग," मी मध्येच म्हणालो. माझ्या डोक्यात मशीन सुरू झालं होतं. ती म्हणाली गुडघ्याएवढं. मी म्हटलं, बस, बाकीचं आल्यावर बघू. फोन ठेवला आणि लागलीच रडक्याच्या बॅटऱ्या बदलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. जळगाव स्टेशनवर रेल्वे पोलिसानं अडवलं. त्याच्या हातातही तपासणीचं छोटं यंत्र होतं. त्यानं ते माझ्या मशीनवरून फिरवलं, ते वाजलं. मी माझं सुरू केलं, ते त्याच्या कमरेच्या पट्ट्यावर वाजलं. दोघांची ओळख पटली आणि त्यानं मला जाऊ दिलं.

अक्काच्या अंगणात पोचल्यावर मी मशीन जोडून तिला चालू करून दाखवलं. पाणी प्यायला म्हणून ते तुळशीच्या वृंदावनाला टेकवून ठेवलं, तर ते जे रडायला लागलं ते थांबेचना.

"काय सापडनं?" अक्का धावत आली.

"काही नाही. वृंदावनात सिमेंटमध्ये सळई असणार," मी म्हणालो. केबलवाल्याच्या तोऱ्यात म्हणालो. मशीनला म्हटलं, गप रे, आणि बटण बंद केलं. अक्का काही बोलणार होती, पण मी म्हटलं, चल, उन्हाच्या आत नदीवर जाऊ.

नथीचं कोणाला सांगायचं नव्हतं म्हणून दाजींना, म्हणजे अक्काच्या नवऱ्याला, आम्ही सांगितलं की नदीवरच्या जुन्या पाइपाचा जोड शोधतोय. दाजी भोळे. त्यांनी मला फावडंही काढून दिलं. पण एक माणूस कानाला हेडफोन लावून नदीकाठी काठी फिरवतोय, काठी वाजतेय आणि तो खणतोय, हे गावाला पाइपाचं काम वाटेना. तासाभरात काठावर चाळीसएक माणसं जमली आणि पाइपाचं गुप्तधन झालं.

एक आबा काठी टेकत पुढं आले. "मना सपनमा एक बाई येस," ते मला कानात म्हणाले, "ती आठेच, याच जागाले बोट दखाडस." मी त्यांच्या समाधानासाठी तिथं तबकडी फिरवली. रडकं रडलं. आबांनी सगळ्यांकडे बघितलं. खणल्यावर मोटारसायकलची चेन निघाली. आबा म्हणाले, ही वरची, धन खाली आहे. कोणीतरी नारळ आणला, कोणी लिंबू. मग पोलीस पाटील आले आणि त्यांनी मला समजावलं की काही निघालं तर ते सरकारजमा होईल. मी त्यांना तोवरचं सगळं धन दाखवलं. ओवाळून टाकलेली नाणी, बोल्ट, डब्याचं झाकण, एक पितळी निरांजन. पाटलांनी झाकण उलटंपालटं करून परत दिलं.

नथ मिळाली नाही. ती कशी मिळणार होती? रेती काळी, मशीन दर पावलाला वाजत होतं. खणून खणून कंबर गेली. संध्याकाळी खड्डे बुजवून निघालो तेव्हा अक्का नदीकडे बघत उभी होती. रडत नव्हती. लहानपणापासून मी तिला इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं आणि ते मला आवडलं नाही.

घरी येऊन मी बायकोला निर्णय सांगितला. हे मशीन त्या रेतीत कामाचं नाही, नवं घ्यायलाच हवं, अक्काचा प्रश्न आहे. मी मुद्देसूद बोललो. मातीतला लोहाचा अंश सांगितला, बारीक सोन्याला तिखट कानाचं यंत्र लागतं ते सांगितलं. तिनं भाजी निवडता निवडता सगळं ऐकलं आणि मग विचारलं, "अक्कांची नथ हरवली याचं तुम्हाला वाईट वाटलंय, की बरं झालं निमित्त मिळालं असं वाटलंय?"

मला इतका राग आला की मी चहा न घेता मेहरूणला निघून गेलो. तळ्याला एक फेरी मारली, दुसरी मारली. राग तेव्हाच येतो जेव्हा समोरच्यानं नेमक्या जागी बोट ठेवलेलं असतं. अक्काचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा नानांचं मशीन आलं होतं, अक्का नंतर. हे मला तळ्याच्या काठी कबूल करावं लागलं, अर्थात मनातल्या मनात.

परत आलो तर तिनं तोडगा काढून ठेवला होता. "नानांचं मशीन एक दिवस मागून आणा. त्यानं नथ सापडली तर तुम्ही नवं घ्या, मी अडवणार नाही. नाही सापडली तर पुन्हा हा विषय नाही. आणि मी पण येणार." ती रावेरकडची, केळीवाल्यांच्या घरातली. तिच्या माहेरी व्यवहार असेच होतात.

नानांनी मशीन दिलं, पण देताना अर्धा तास शिकवणी घेतली. "भाऊ, आकडा साठाच्या पुढं गेला की नाणं समजा. तिसाच्या खाली असला की सोनं असेल नाहीतर चॉकलेटचा कागद असेल. खणायचं की नाही ते तुमच्या कंबरेला विचारा." मधे चार दिवस नदीला पाणी होतं म्हणून थांबावं लागलं. शेवटी पोळ्याला तीन दिवस उरले असताना आम्ही दोघं निघालो. मी रडकंही बरोबर घेतलं. बायकोनं कारण विचारलं तेव्हा म्हणालो, तुलना करायला. खरं म्हणजे दोन्ही मशीनमधला फरक तिला डोळ्यांनी दाखवायचा होता.

दोंडाईच्याच्या बाजारात बैलांचा साज मांडला होता, घुंगुरमाळा, गोंडे, शिंगांचे रंग. अक्काच्या गावात आता माझ्याकडे कोणी फारसं बघितलं नाही. चेनीनं माझी पत घालवली होती. फक्त आबा काठावर येऊन बसले, कारण त्यांची बाई अजून स्वप्नात येत होती.

नवं मशीन मात्र काय सांगू. रेतीवर दोन वेळा वरखाली केलं आणि ते शांत झालं. मग मी चालत राहिलो आणि ते फक्त गरज असेल तेव्हाच बोललं. पडद्यावर बासष्ट. मी बायकोला म्हटलं, नाणं. खणलं, नाणं. पुढं अडुसष्ट, पुन्हा नाणं. मी म्हणेन तेच निघत होतं. नोकरीतले दिवस परत आले, मी सांगतोय आणि जमीन ऐकतेय. मला नाचावंसं वाटत होतं. आठव्या की नवव्या नाण्यावर मी हसत मागं वळलो, बायकोला दाखवायला, आणि अक्का दिसली. ती दगडावर बसून माझ्या हातातल्या नाण्याकडे बघत होती. मी वाकलो की दर वेळी ती अर्धवट उठत होती आणि नाणं निघालं की परत बसत होती. किती वेळ हे चाललं होतं कुणास ठाऊक. मला स्वतःची लाज वाटली. नाणं तिथंच टाकून दिलं.

दुपारपर्यंत मी तो सगळा काठ दोन वेळा पिंजून काढला. तिसाच्या खालचे सगळे आकडे खणले, कंबरेला न विचारता. चॉकलेटचे कागद निघाले, गोळ्यांची पाकिटं निघाली. नथ निघाली नाही. अक्कानं घरी आल्यावर चहा टाकला आणि साखर टाकायला विसरली.

चहा पिऊन मी सामान आवरायला अंगणात आलो. पैज हरलो होतो, नवं मशीन गेलं होतं, पण मला त्याचं काहीच वाटत नव्हतं याचंच नवल वाटलं. बायको मागून आली आणि म्हणाली, "ते तुलनेचं राहिलं की." माझी समजूत काढण्याची तिची ही पद्धत आहे. मी रडकं सुरू केलं, म्हटलं, बघ, हे कसं असतं ते, आणि वृंदावनाजवळ नेलं. ते रडायला लागलं.

"हे बघ. आत सिमेंटमध्ये सळई आहे, तर सळईवरही रडतं. नवं असतं तर सळईचा आकडा दाखवून गप्प बसलं असतं." आणि सिद्ध करायला मी नानांचं मशीन तिथं धरलं. त्यानं आकडा दाखवला सत्तावीस. तबकडी हलवली, पुन्हा सत्तावीस. लोखंडाचा आकडा पाच-सातच्या पुढं जात नाही.

"सळई नाही वाटतं," मी म्हणालो.

अक्का ओट्यावरून म्हणाली, "त्यामा लोखंड कोठून येई? बठ्ठं मातीनंच शे ते. मी वरतून ऑइलपेंट मारेल शे."

बायको माझ्याकडे बघत नव्हती, अक्काकडे बघत होती. "अक्का," ती म्हणाली, "कानबाईला निरोप देऊन येताना तुम्ही चौरंगावर नदीची वाळू आणता ना? आमच्याकडे आणतात. ती कुठं टाकली?"

अक्कानं तोंडावर हात ठेवला.

देवीला न्हाऊ घातलं की रिकाम्या चौरंगावर नदीची वाळू घेऊन घरी यायचं, ती घराच्या कोपऱ्यांत थोडी थोडी टाकायची, धान्याच्या कोठीत चिमूटभर आणि उरलेली तुळशीत. देवी जाताना रिकाम्या हातानं परत यायचं नाही, म्हणून. हे मला जन्मापासून माहीत होतं. माझी आई हेच करायची.

मी हातानंच उकरणार होतो, पण बायकोनं मला बाजूला केलं. तिनं आणि अक्कानं तुळशीच्या मुळांना धक्का न लावता वरची वाळू बोटांनी काढली आणि पिठाच्या चाळणीत घातली. तिसऱ्या चाळणीला मोती दिसले. आता अक्काला आठवलं, ओल्या हातानं उतरवलेली नथ तिनं चौरंगाच्या कापडावर ठेवली होती, डबीत घालू म्हणून. तेवढ्यात कोणीतरी तिला फुगडीला ओढलं आणि जावांनी त्याच कापडावर वाळूच्या ओंजळी टाकल्या. नथ नदीवर हरवलीच नव्हती. ती देवीच्या वाळूबरोबर वाजतगाजत घरी आली होती.

अक्का रडली. अशी रडली की दाजी गोठ्यातून धावत आले आणि त्यांना सगळं सांगावं लागलं. दाजींनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मग मला विचारलं, "म्हणजे पाइप नव्हताच?"

हसता हसता मी ओट्यावर बसलो आणि मग हिशेब लागला तसं हसू ओसरलं. रडकं पहिल्याच दिवशी नथीपासून वीतभर अंतरावर उभं राहून ओरडत होतं आणि मी त्याला गप रे म्हटलं होतं.

"मी तुले फोनवरच सांगं व्हतं, भाऊ," अक्का डोळे पुसत म्हणाली, "चौरंगवर वाळू भरी करी. माले वाटनं तू आयकी ऱ्हायना."

मला वाटलं तू ऐकतोयस, असं ती रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साधेपणानं म्हणाली. तिनं सांगितलं होतं आणि मी तिला पाण्याची खोली विचारली होती. अंगणात सांगणार होती, तर मी तिला उन्हाचं कारण दिलं होतं. साठ वर्षं रडकी म्हणून तिचं अर्धंच ऐकायची मला सवय लागली होती. केबल शोधणाऱ्याचा कान, असं लोक माझ्याबद्दल म्हणायचे. मला फार वाईट वाटलं आणि मी तसं अक्काला सांगितलंही. ती म्हणाली, चहामा साखर नव्हती का रे? आणि नवा चहा टाकायला उठली.

पैजेचा निकाल मात्र अवघड होता. नवं मशीन की जुनं, नथ कोणी शोधली? मी म्हटलं दोघांनी. बायको म्हणाली चाळणीनं. हा वाद अक्कानं मिटवला. निघताना तिनं रडकं उचललं आणि आपल्या घराच्या कोपऱ्यात उभं केलं. "हाई मनापाशी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पुढला साल वाळू तपासीसनच घरमा लसू." वाळू तपासूनच घरात घेईन, असं. तिला नाही म्हणायची माझी त्या दिवशी हिंमत नव्हती. परतीच्या गाडीत बायको नरडाणा गेल्यावर म्हणाली, "आता तुमच्याकडे एकही मशीन नाही. म्हणजे पुन्हा दिवसभर घरात." आणि थोड्या वेळानं, "मागवा ते. पण ऐकायचं."

पोळ्याच्या दिवशी दुपारी खोकं आलं. मी ते मांडीवर घेतलं, कात्री घेतली आणि पहिली चिकटपट्टी कापणार तेवढ्यात अक्काचा फोन आला. नणंद आली होती. तिनं डबी उघडली, नथ घातली, आरशात बघितलं. यंदा घटकाभरानं काढली नाही, बैलांची पूजा होईपर्यंत नाकात ठेवली. मग अक्कानं बैलांचं सांगितलं, कोणाच्या शिंगांना कोणता रंग दिला ते सांगितलं, पुरणपोळ्या किती झाल्या, आबांना आता कोणती नवी जागा स्वप्नात दिसली तेही सांगितलं. मध्येच नणंदेचं काहीतरी आठवून तिला रडू आलं, मग ती परत बैलांवर आली. कात्री मी केव्हाच खाली ठेवली होती.

बऱ्याच वेळानं ती एकदम थांबली. माझ्याकडून काहीच आवाज येत नव्हता, याची तिला सवय नव्हती.

"भाऊ," ती म्हणाली, "शे ना तू फोनवर?"

"शे, अक्का," मी म्हणालो, "आठेच शे. तू सांग."